सणानं मोजलेलं वर्ष

माझ्या नानानला कुठल्याही गोष्टीची तारीख विचारली की ती चिडायची. नानान म्हणजे बाप्तिस्म्याच्या दिवशी जिनं मला हातावर धरलं ती बाई. आमच्या खाडीकाठी तिला आईच्या खालोखाल मान. व्हेल्मा शेरामी तिचं नाव. तिच्या डोक्यात जानेवारी-फेब्रुवारी असलं काही नव्हतंच. मार्डी ग्राचा, ईस्टरआधीचे उपवास लागण्यापूर्वीच्या नाच-मिरवणुकांचा सण होता, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे सगळं जग. नवरा कधी वारला? "मार्डी ग्रानंतरच्या सोमवारी. मिरवणुकीत उभं राहून पाय सुजले होते माझे, तसेच घेऊन दफनाला गेले." मी कधी जन्मले? "ज्या वर्षी पावसानं मिरवणूक बुडवली, तेव्हा सणाला नऊ दिवस होते. तुझ्या आईला नेमका तोच मुहूर्त सापडला. माझा नाच राहिला."

आणि हा सण काही एका तारखेला बसत नाही. ईस्टर चंद्र बघून ठरतो आणि ईस्टर बघून मार्डी ग्रा. म्हणजे सगळा मामला तिथीचा. कधी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, कधी पार मार्चमध्ये जातो. नानानचं त्यावाचून काही अडायचं नाही. सण आला की वर्ष झालं.

अडलं ते त्या एका वर्षी.

मी रोझलिन पित्र. जिल्ह्याच्या कोर्टाच्या दफ्तरात खिडकी नंबर दोनवर बसते. लोक दावे घेऊन येतात, मी घेते, तारखेचा शिक्का मारते, पावती देते. खिडकीवर पाटी आहे: 'येथील कर्मचारी कायदेशीर सल्ला देत नाहीत.' बावीस वर्षं त्या पाटीमागे बसून मी माणसांचे चेहरे उतरताना पाहिलेत. तेव्हा लुईझियानात अपघाताच्या भरपाईचा दावा एका वर्षाच्या आत दाखल करावा लागे. आता मुदत वाढवलीय, पण तेव्हा वर्ष म्हणजे वर्ष. एक दिवस उशीर झाला की खांदा मोडलेला असो नाहीतर कंबर, दावा संपला. ज्याला विमा कंपनीशी पत्रव्यवहार म्हणजेच दावा वाटत होता, असा माणूस मी महिन्याला एक तरी बघायची. घरी जाऊन नवऱ्यावर ओरडायची. त्या बिचाऱ्याचा काय दोष, पण ओरडायची.

आता नानानच्या हातांबद्दल सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. ती जाळी विणायची, कोळंबीच्या बोटींची मोठी जाळी. घरामागच्या शेडमध्ये छताला जाळं टांगलेलं, हातात सुई, तोंडात शिव्या. कारखान्याचं जाळं स्वस्त मिळतं, तरी आमच्या भागातले जुने तांडेल तिच्याकडेच यायचे. "मिस व्हेल्मा, जरा लवकर करा," असं कोणी म्हणालं की ती म्हणायची, "लवकर हवं तर दुकानात जा. तिथं जाळ्याबरोबर भोकं फुकट देतात." त्या कामाचा तिला भयंकर गर्व होता, आणि तो शोभायचाही.

आदल्या वर्षीच्या मार्डी ग्राच्या आधीचा शनिवार. दुपारची मिरवणूक बघून ती गाडीनं घरी निघाली होती. शेजारच्या सीटवर सणाच्या किंग केकचा खोका. खाडीवरचा पूल बोटीसाठी उचललेला, म्हणून ती रांगेत थांबली होती. मागून मालाचा ट्रक आला आणि थांबलाच नाही. केक पुढच्या काचेला जाऊन चिकटला, नानान स्टिअरिंगला. उजव्या खांद्याच्या आतला स्नायू फाटला. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन लागेल, नाहीतर हात खांद्याच्या वर जायचा नाही. आणि टांगलेलं जाळं विणायला हात वरच लागतो.

ट्रक चालवणारा हॅगन म्हणून पन्नाशीचा माणूस होता, उत्तरेकडचा. तो उतरून धावत आला, रुग्णवाहिका येईपर्यंत तिचा डावा हात धरून रस्त्यात गुडघ्यांवर बसला आणि ढसाढसा रडला. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तिला वैद्यकीय विमा नव्हता. ऑपरेशन व्हायचं तर ट्रकवाल्या कंपनीच्या विम्यातून. त्या विमा कंपनीचा एक माणूस दर पंधरा दिवसांनी फोन करायचा. गोड बोलायचा. "बाई, काळजीच करू नका. एवढा एक कागद पाठवा, मग आपण मिटवूनच टाकू." मग आणखी एक कागद. मग क्ष-किरणांचे फोटो. मग तेच फोटो पुन्हा. तिच्या गंबोत, म्हणजे आमच्याकडच्या कोळंबीच्या रश्शात, भेंडी असते का, हेही विचारायचा, आणि नानान विरघळायची.

"वकील कर," मी सुरुवातीलाच सांगितलं होतं.

"टीव्हीवर बोंबलतात तसला? नको गं बाई. आमच्या सात पिढ्यांत कोणी कोर्टाची पायरी चढलं नाही. तू चढतेस, ती पगारासाठी. आणि वर्ष आहे ना हातात? दवाखान्यातली बाई म्हणाली, वर्ष असतं."

"वर्ष आहे," मी म्हणाले. इथंच मी माती खाल्ली. दिवसभर परक्यांच्या कागदांवर तारखा ठोकणारी मी, घरच्या माणसाला तारीख विचारली नाही. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

वर्ष सरत आलं. फेब्रुवारीतला रविवार होता. चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही तिच्याकडे जेवायला जमलो, मी आणि माझा नवरा डडली. चुलीवर गंबोचं मोठं बिडाचं पातेलं. एरवी ते पातेलं उचलून टेबलावर आणायचा मान तिचा, दुसऱ्यानं हात लावला तर पळीचा फटका. त्या वर्षभरात मात्र पातेलं डडली आणायचा आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. त्या दिवशीही तसंच झालं. भात वाढला, बटाट्याचं सॅलड आलं, आणि नानाननं मोठ्या समाधानात सांगितलं, "त्या विमावाल्याला मी परवा ठणकावलं. म्हटलं, मार्डी ग्राच्या आधीच्या शनिवारी माझं वर्ष भरतंय. तोवर मिटवलं नाहीस तर वकील गाठीन. घाबरला बहुतेक. म्हणाला, चालेल बाई, मार्डी ग्रापर्यंत थांबू या, काही घाई नाही. अजून तीन आठवडे आहेत."

"बरं केलंस," डडली म्हणाला.

माझा घास तोंडाशीच राहिला. "नानान, गेल्या वर्षी मार्डी ग्रा किती तारखेला होता?"

"झालं हिचं सुरू. मंगळवारी होता. मार्डी ग्रा मंगळवारीच असतो."

"तारीख, तारीख!"

"मला काय विचारतेस, कोर्टात तू असतेस."

मी डडलीकडे बघितलं आणि मला चॉकलेटचा खोका आठवला. गेल्या वर्षी या शहाण्यानं व्हॅलेंटाइन डे म्हणून मला चॉकलेटं आणली होती, आणि तो निघाला होता राखेचा बुधवार, उपवासाचा पहिलाच दिवस. कपाळावर राख लावून मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं. म्हणजे राखेचा बुधवार चौदा फेब्रुवारी. मार्डी ग्रा त्याच्या आदल्या दिवशी, तेरा. त्याच्या आधीचा शनिवार दहा.

"आज किती तारीख?" मी विचारलं खरं, पण उत्तर मला ठाऊक होतं.

"दहा," डडली म्हणाला.

नानाननं चमचा खाली ठेवला. मग नानान म्हणाली, "पण सण तर अजून आलाच नाही." तो आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. साठीची बाई, पण हात सुटून गर्दीत हरवलेल्या मुलीसारखी बोलली. मला रडूच कोसळलं, आणि रडू आलं की मी रागावते, तशी रागावले.

"कोर्टाला सण कळत नाही, नानान! कोर्टाला तारीख कळते! ऊठ, कागद कुठं आहेत तुझे?"

कागद कॉफीच्या डब्यात होते. डबा काखेत मारून मी तिला गाडीत कोंबलं. माझ्या खिडकीवरच्या पाटीप्रमाणे मी सल्ला देत नाही, सोमवार ते शुक्रवार. पण तो रविवार होता.

आल्सीद फाल्गू हे आमच्या गावचे जुने वकील. सत्तरी उलटली होती, पण धंदा सोडला नव्हता. सणाच्या दिवसांत रविवारी दुपारी ते कुठं सापडणार हे अख्ख्या गावाला माहीत: चित्ररथांच्या शेडमध्ये. शिडीवर चढून ते एका प्रचंड मगरीचे दात रंगवत होते. हातभर पांढरा रंग, मिशीलाही लागलेला.

"मिस व्हेल्मा! या, या. मगर कशी वाटते?"

"दात जास्त झालेत," नानान म्हणाली. "मिस्टर आल्सीद, माझं चुकलं हो."

ते खाली उतरले, पोलिसांचा अहवाल हातात घेतला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. "दहा फेब्रुवारी," ते पुटपुटले. मग हळूच माझ्याकडे वळले. "रोझलिन, आज वार कोणता?"

"रविवार."

"कोर्ट उघडं असतं का?"

"नाही."

"मग मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर?"

"मी सल्ला देत नाही, मिस्टर आल्सीद," मी म्हणाले, आणि माझं मलाच हसू फुटलं. घाबरून गेले होते मी, त्यात हे सुचलंच नव्हतं.

"मी देतो. पैसे घेतो त्याचे." ते नानानकडे वळले. "मुदत पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत जाते. उद्या सोमवार. कोर्टाची खिडकी साडेचारला बंद होते. तोवर कागद आत गेला तर दावा जिवंत. एक मिनिट उशीर झाला तर मी काही करू शकत नाही, आणि कोणीच नाही. मी रात्री लिहून ठेवतो. तुम्ही उद्या तीनला माझ्या ऑफिसात यायचं, वाचायचं, हो म्हणायचं. तुमच्या होकाराशिवाय मी कागद हलवणार नाही."

"दावा कंपनीवर ना?"

"कंपनीवर आणि ट्रक चालवणाऱ्यावर. हॅगन."

नानान ताठ झाली. "त्याच्यावर नाही."

"त्याच्या खिशातून काही जाणार नाही, मिस व्हेल्मा. विमा देणार. पण नाव घालावं लागतं. चूक त्याच्या हातून झाली म्हणूनच कंपनीनं भरायचं."

"तो माणूस माझा हात धरून रस्त्यात रडला. आणि मी त्याच्या पाठीमागून कोर्टात कागद टाकू? आम्ही असं करत नाही. कोणाशी भांडायचं तर त्याच्या दारात जाऊन, तोंडावर."

"उद्या तीन वाजता," फाल्गू म्हणाले आणि पुन्हा शिडीवर चढले. त्यांना या खाडीवरची माणसं माहीत होती.

सोमवारी माझं कामात लक्ष लागेना. एका घटस्फोटाच्या अर्जावर मी शिक्का उलटा मारला. तीन वाजले, सव्वातीन, साडेतीन. मग फोन आला. फाल्गू. "रोझलिन, तुझी नानान आली नाही. फोन करतोय तर सारखा एंगेज लागतोय."

शेजारच्या खिडकीवरच्या शर्लीनला मी म्हटलं, "माझ्या घरात आग लागलीय."

"खरंच?"

"जवळजवळ." आणि निघाले.

पुलापलीकडे नानानचं घर. मी शेडचं दार धाडकन उघडलं. अर्धवट विणलेलं जाळं छताला लटकत होतं, वर्षभर तसंच. खाली स्टुलावर नानान बसलेली, फोन मानेत धरून. माझ्याकडे बघून तिनं बोट ओठांवर ठेवलं. माझं डोकंच फिरलं. पावणेचार वाजलेत आणि ही फोनवर गप्पा मारतेय! तेवढ्यात मला तिचं बोलणं ऐकू आलं.

"तर मिस्टर हॅगन, असं आहे. मला तुमच्यावर राग नाही. पण मला हा हात हवाय, दुसरं काही येत नाही मला. म्हणून तुमचं नाव कागदावर घालावं लागतंय. मी पाठीमागून करणार नाही, म्हणून सांगते. सकाळपासून तुम्हाला शोधतेय. तुमची बायको म्हणाली, तीनला घरी येता."

वकिलाला न विचारता समोरच्या पक्षाला फोन! फाल्गूंना कळलं असतं तर मगरीवरून खाली पडले असते. मी काही बोलणार, तेवढ्यात नानाननं फोनचा आवाज मोठा केला.

पलीकडून जाड, थकलेला आवाज आला. "बाई, मी वर्षभर वाट बघतोय की कोणीतरी मला विचारेल. कंपनीतलं कोणी विचारलं नाही. मी मोबाइलकडे बघत होतो. चूक माझी होती. कोर्टात विचारलं तर हेच सांगेन. घाला माझं नाव. नीट स्पेलिंग लिहून घ्या."

नानाननं डोळे पुसले. "तुम्ही खाडीकडे आलात तर जेवायला या," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून, जसा काही उशीर मीच केला होता, "उभी काय राहिलीस? गाडी काढ!"

चार वाजून पाच मिनिटांनी आम्ही पुलाशी पोचलो, आणि पुलाची घंटा वाजायला लागली. आडवे दांडे खाली यायला लागले. खाडीतून एक बोट येत होती. तीच जागा, तोच पूल. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. पूल वर जाऊन खाली यायला वीस मिनिटं, बोट हळू असेल तर जास्त.

नानान दार उघडून खाली उतरली. पुलाच्या खोलीतल्या माणसाला तिनं हाक मारली, अशी की पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायला लागली. "व्हिटनी! ए व्हिटनी! तो कोण येतोय, नोलन नाकाँ ना? त्याला रेडिओवरून सांग, मागं हो म्हणावं! सांग, व्हेल्मा कोर्टात चाललीय, आज अडवलंस तर जन्मात जाळं मिळणार नाही!"

व्हिटनीनं काय सांगितलं कोण जाणे. बोटीचा भोंगा दोनदा वाजला, मागं पाण्याचा फेस उठला आणि बोट जागीच थांबली. नोलन टोपी काढून हलवत होता. त्याच्या जाळ्याला दोन वर्षं झाली होती, त्याला दुसरं हवंच होतं. दांडे पुन्हा वर गेले.

सव्वाचारला फाल्गूंच्या ऑफिसात. ते दारातच कागद घेऊन उभे. नानाननं चष्मा लावून पहिलं पान वाचलं. "हॅगनच्या नावात दोन जी आहेत," ती म्हणाली.

"तुम्हाला कसं माहीत?" फाल्गूंनी विचारलं. आम्ही दोघींनी छताकडे बघितलं. त्यांनी पेनानं नाव दुरुस्त केलं, कडेला सही ठोकली आणि तिघं रस्ता ओलांडून पळालो. पळालो म्हणजे, सत्तरीचा एक, साठीची एक आणि मी, जिला जिना चढतानाही धाप लागते.

मागच्या दारानं मी आत शिरले. नातलगाचा कागद आपण घ्यायचा नाही असा आमचा नियम, म्हणून नानान शर्लीनच्या खिडकीपुढे उभी राहिली. तिनं डाव्या हातानं कागद पुढे केला. शर्लीननं पानं मोजली. एकदा. मग परत. मला तिचा गळा दाबावासा वाटला. मग तिनं कागद यंत्रात सरकवला आणि तो आवाज झाला, खट्, जो मी बावीस वर्षं रोज ऐकते आणि कधीच ऐकला नव्हता.

अकरा फेब्रुवारी. चार वाजून चोवीस मिनिटं.

नानाननं शिक्क्यावरून बोट फिरवलं. शाई अजून ओली होती, बोटाला लागली. "एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच," मी म्हणाले, आणि काचेच्या अलीकडे बसून हमसून रडले. शर्लीननं विचारलं, "आग विझली का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी विमा कंपनीच्या त्या गोड माणसाचा फोन आला. आज गंबोची चौकशी नव्हती. आवाज कोरडा. "बाई, वाईट वाटतं सांगायला, पण तुमची एक वर्षाची मुदत संपली. आम्ही प्रकरण बंद करतोय." म्हणजे याला सगळं माहीत होतं! तारीखही, आणि ही सणाच्या भरवशावर बसलीय हेही. मी तिथं असते तर फोनमध्ये हात घालून त्याला बाहेर ओढला असता. नानान शांतपणे म्हणाली, "असं कसं, बाळा? कालच दाखल केलाय. चार वाजून चोवीस मिनिटांनी. तुझा पत्ता सांग, कागद पाठवते. तुला कागद फार आवडतात ना?"

पुढं फार लांबलं नाही. हॅगननं शपथेवर जे खरं ते सांगितलं, आणि उन्हाळा संपायच्या आत विमा कंपनीनं मिटवलं. सप्टेंबरात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले उशीर झालाय, हात किती वर जाईल सांगता येत नाही. नानान त्यांना म्हणाली, "तुम्ही शिवा. वर नेण्याचं माझ्याकडे लागलं." मग पाच महिने ती शेडमध्ये भिंतीवर बोटं टेकवून हात इंच इंच चढवायची आणि प्रत्येक इंचाला एक नवी शिवी द्यायची. त्याच भिंतीवर तिनं कॅलेंडर टांगलं, आयुष्यातलं पहिलं. माझी टर उडवायला ती त्यावर काहीही लिहायची. 'पाच नोव्हेंबर, रोझलिन जाड दिसली.'

मग पुढच्या वर्षीचा मार्डी ग्रा आला. त्याच्या आधीच्या रविवारी आम्ही जेवायला जमलो. चुलीवर तेच बिडाचं पातेलं, काठोकाठ. डडली सवयीनं उठला.

"बस खाली," नानान म्हणाली.

तिनं पातेल्याच्या दोन्ही कानांना फडकी लावली. मग पातेलं उचललं गेलं, चुलीवरून सुटलं, आणि तीन पावलं चालत येऊन तिनं ते टेबलावर ठेवलं. थेंबभरसुद्धा सांडलं नाही. टेबलाच्या टोकाला लांबून आलेले मिस्टर हॅगन बसले होते, त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा ढसाढसा रडायला लागले.

"बघत काय बसलात सगळे?" नानान म्हणाली. "भात वाढा."